पाट्याची सुरी : एका मोठ्या, दणकट शिकारी सुरीची निवड आणि वर्षभराचा वापर

शिकारीला बंदी असलेल्या देशात शिकारी सुरी शोधत फिरणे हा प्रकार थोडा विनोदी आहे, हे मला मान्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, तरी न मिटणाऱ्या आणि बोटभर जाड पात्याच्या प्रत्येक सुरीला बाजार आजही ‘हंटिंग नाइफ’ म्हणूनच विकतो. माझी गरज अगदीच घरगुती होती. देवलापारजवळ, पेंचच्या जंगलाला लागून, माझ्या मामेभावाची शेती आहे. तिथे महिन्यातून दोनदा तरी जाणे होते आणि गेलो की कुंपणाचे बांबू तासणे, बांधावरची घाणेरी तोडणे, चुलीसाठी ढलप्या काढणे आणि वर्षातून एखाद्या वेळी बोकड सोलणे ही कामे वाट्याला येतात. कुऱ्हाड आणि कोयता तिथे आहेतच. मला हवे होते ते या दोघांच्या आणि भाजीच्या सुरीच्या मधले, कमरेला अडकवता येईल आणि दहा-पंधरा वर्षे टिकेल असे एक हत्यार. सध्या वापरत असलेली सुरी हाती येईपर्यंत एक सुरी मोडली, एक परत दिली आणि बरेच पैसे वाया गेले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमच्या घरी आजोबांची जुनी सुरी आहे. ते त्या काळी परवाना काढून रीतसर शिकारीला जात, आणि त्यांच्या सुरीचे पाते मी पहिल्यांदा पट्टीने मोजले तेव्हा ते जेमतेम साडेचार इंच भरले. धार लावून लावून ते झिजले असेल असे धरले, तरी मूळचे पाच इंचांपेक्षा अधिक नसावे. यात नवल नाही. जनावर सोलताना बोटांच्या टोकाशी असलेली, पातळ आणि पोटाला गोलवा असलेली लहान सुरीच कामाची असते, आणि लांब पात्याचे टोक नको तिथे घुसून कातडे आणि आतडे दोन्ही फाडते. त्यामुळे केवळ सोलण्यासाठी मोठी सुरी कुणी घेत असेल तर त्याने घेऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या सुरीचे काम लाकडावरचे, सांध्यावरचे आणि दणक्याचे आहे, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत धारेच्या आधी ती मोडणार कुठे हे पाहावे लागते.

हा धडा मला पहिल्याच सुरीने शिकवला. ऑनलाइन मागवलेली, दहा इंची पात्याची, पाठीवर करवतीसारखे दात असलेली आणि पोकळ मुठीत काड्यापेटी व होकायंत्र ठेवायची सोय असलेली ती सुरी १,७९९ रुपयांना पडली. दुसऱ्याच दिवशी वाळलेला बांबू फोडताना, पाते बांबूवर ठेवून पाठीवर दांडक्याचा तिसरा की चौथा ठोका मारला, तेव्हा मूठ माझ्या हातात राहिली आणि पाते मामेभावाच्या गुडघ्याजवळून जाऊन गवतात पडले. तो काही बोलला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मोडलेली जागा नीट पाहिली तर मुठीत शिरलेला पोलादाचा भाग करंगळीच्याही निम्म्या जाडीचा होता आणि तो एका ठिपक्याएवढ्या वेल्डिंगने टोपणाला चिकटवलेला होता. शिवाय मोडलेल्या तोंडावरचा कण फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा रवाळ दिसत होता. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवले की त्याचा कण असा वाढतो आणि ते ठिसूळ होते. नीट तापवलेल्या पोलादाचा तुटलेला भाग राखाडी आणि रेशमासारखा बारीक दिसतो. विक्रेत्याने ‘वापरातील चूक’ असे कळवून पैसे परत करण्यास नकार दिला.

पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला मी सोयीसाठी शेपूट म्हणतो. हे शेपूट मुठीच्या पूर्ण रुंदीचे आणि पूर्ण लांबीचे असावे, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या बसवून त्या रिव्हेटने आवळलेल्या असाव्यात आणि पोलादाची कड चहूबाजूंनी डोळ्यांना दिसावी, असा माझा आग्रह तेव्हापासून आहे. अरुंद शेपटाच्या सगळ्याच सुऱ्या वाईट असतात असे मात्र नाही. फिनलंडच्या लोकांची पुक्को पिढ्यान्‌पिढ्या अरुंद शेपटावर चालत आली आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन सैनिकांनी वापरलेली सात इंची पात्याची का-बार हीदेखील चामड्याच्या चकत्या ओवलेल्या अरुंद शेपटाचीच आहे. फरक असतो तो पाते आणि शेपूट जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. तो कोपरा काटकोनात कापलेला असेल तर दणक्याचा सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि तडा तिथेच जातो. कोपऱ्याला गोलाई दिली असेल तर ताण पसरतो. मूठ बंद असलेल्या सुरीत हा कोपरा आपल्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर विश्वास टाकण्याइतका मी विक्रेत्यांना ओळखत नाही.

त्यानंतर काही दिवस नागपूरच्या इतवारीत लोहाओळीच्या बाजूला हिंडलो. तिथे कोयते, विळे, सत्तूर आणि खाटकांच्या सुऱ्या चांगल्या मिळतात. पण सत्तूर कमरेला अडकवण्याची वस्तू नव्हे आणि खाटकाची सुरी बांबूसाठी फार पातळ पडते. एका नातेवाइकाने फौजेतून निवृत्त होताना आणलेली खुकरी महिनाभर वापरून पाहिली. तोडकामात तिला तोड नाही, परंतु बाकदार पात्याने दोरी कापणे, खुंटीला टोक काढणे किंवा कांदा चिरणे हे सगळे अवघड जाते, म्हणून ती त्यांना परत दिली. परदेशी बनावटीच्या चांगल्या सुऱ्या आयात होऊन इथे येईपर्यंत माझ्या ऐपतीबाहेर जातात, आणि शेतात हरवण्याच्या वस्तूवर इतका पैसा घालणे मला पटत नाही.

पोलादाच्या नावांचाही मी बराच अभ्यास केला आणि आता वाटते की त्यातला निम्मा अनावश्यक होता. डी-२ या पोलादात साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असते. त्यामुळे त्याची धार फार टिकते, पण आडवा ताण आला की ते मोडते आणि शेतातल्या सहाणेला ते दाद देत नाही. स्वस्त स्टेनलेस सहसा गंजत नाही. मात्र त्याची धार दोन बांबूंत वळते. मोठ्या, आपटण्याच्या सुरीला चिवटपणा अधिक लागतो, आणि त्या दृष्टीने गाडीच्या कमानीच्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या, पाट्याचे पोलाद उत्तम असते. आपल्याकडचे पाटे बहुधा सिलिकॉन-मँगनीज जातीच्या स्प्रिंग पोलादाचे असतात आणि त्यांत कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मध्ये असतो. खड्ड्यांतून लाखो वेळा वाकून पुन्हा सरळ होणे हाच ज्याचा जन्मभराचा व्यवसाय, त्याला बांबूवरच्या ठोक्यांचे काय भय?

जुन्या पाट्यात एक धोका असतो. वर्षानुवर्षे वाकून त्यात केसासारखे तडे गेलेले असू शकतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, आणि ते भट्टीत मिटत नाहीत. म्हणून वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात कमानी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमधून मी ट्रकचा जाड पाटा न घेता जीपचा, फारसा न झिजलेला पाटा निवडला, टोकाकडचा तुकडा कापून घेतला, दोरीला टांगून हातोडीने वाजवला आणि आवाज घंटेसारखा खणखणीत आला तेव्हाच १५० रुपये दिले. तडा गेलेला तुकडा असा वाजत नाही, फुटक्या भांड्यासारखा बद्द आवाज करतो.

घडवण्याचे काम उमरेड रोडवर, दिघोरीच्या पुढे टिनाच्या शेडखाली बसणाऱ्या एका वृद्ध लोहाराने केले. मी त्यांना काका म्हणतो. पोलादाविषयीची माझी प्रश्नावली त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “भाऊ, पोलाद कोणतं हाये हे काहून इचारता? पाणी कसं देल्लं ते इचारा.” पाणी देणे म्हणजे तापवलेले पोलाद एकदम बुडवून कडक करणे. वर्षभरानंतर मला त्यांचे म्हणणे शब्दशः खरे वाटते. एकाच पाट्याच्या दोन सुऱ्या, एक नीट पाणी दिलेली आणि एक घाईने दिलेली, यांत जितका फरक पडतो तितका दोन वेगवेगळ्या पोलादांत पडत नाही.

पहिल्या दिवशी पाटा तापवून, ठोकून सरळ केला, पात्याचा आकार काढला आणि तो रात्रभर राखेत पुरून ठेवला, म्हणजे तो हळूहळू निवून मऊ होतो आणि कानशीला दाद देतो. पाते आणि शेपूट यांच्या कोपऱ्याला गोलाई हवी, हे मी कागदावर काढून दिले होते आणि त्यांनी ती गोल कानशीने व्यवस्थित काढली. पाणी देण्यासाठी मात्र त्यांनी मला मुद्दाम दिवेलागणीला बोलावले, कारण तापलेल्या पोलादाचा रंग उन्हात कळत नाही. भट्टीत पाते गर्द लालच्या पुढे जाऊन पिकलेल्या संत्र्याकडे झुकू लागले तेव्हा त्यांनी मान हलवली. मी जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक तारेला बांधून नेले होते. ते पात्याला लावले तर चिकटलेच नाही. साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलादाची चुंबकाशी असलेली ओढ संपते आणि स्प्रिंग पोलाद त्याच्या थोडे वर गेले की पाणी देण्याजोगे होते, हे मी वाचले होते. काकांनी ते नुसत्या डोळ्यांनी ओळखले. मग पाते धारेकडून एका डब्यात बुडवले, पाठ वरच ठेवली. डब्यात गाडीचे जळके ऑइल होते. मी तसे म्हणालो तर ते हसले, “तेलच हाये, पन पाणी देनंच म्हनतात बाप्पा.” हे पोलाद साध्या पाण्यात बुडवले तर अनेकदा धारेपाशी चटकन तडकते, म्हणून तेल.

त्या वेळी धारेवर कानस फिरवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरत होती. इतके कडक पाते पहिल्याच आडव्या ठोक्याला तुटले असते. काकांनी विटेच्या तुकड्याने पात्याची एक बाजू घासून चकचकीत केली आणि पाठ पुन्हा मंद निखाऱ्यावर धरली. पाठीकडून रंग सरकू लागले, आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, त्याच्यामागे जांभळा आणि सर्वांत मागे निळा. तपकिरी रंग धारेला पोचला आणि पाठ निळी झाली त्या क्षणी पाते पुन्हा तेलात गेले. सगळा प्रकार दीड-दोन मिनिटांचा असेल. धार कडक, पाठ चिवट. आता कानस धारेला किंचित चावत होती, पण सहज नाही, आणि हीच माझ्या मते कोणत्याही सुरीची दुकानात करता येण्यासारखी सर्वांत सोपी परीक्षा आहे, अर्थात दुकानदाराने करू दिली तर.

लांबी साडेसात इंच ठेवली. शस्त्रविषयक नियमांच्या परवाना-यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रे येतात; घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत, परंतु रस्त्यात अडवणाऱ्या शिपायासमोर शेतीचा हेतू सिद्ध करत बसण्यापेक्षा दीड इंच कमी पाते परवडते. शहरात वेळोवेळी हत्यारे बाळगण्यास मनाई करणारे पोलिसांचे आदेशही निघत असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाण्यास वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ नुसार मनाई आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सुरीही शस्त्रच ठरते. त्यामुळे ही सुरी शेतावरच राहते. नागपूरला दुरुस्तीसाठी आणली तर म्यानात, फडक्यात गुंडाळून, डिकीत. सफारीला निघालेल्या माणसाच्या कमरेला ती नसते.

मुठीसाठी धावड्याचे लाकूड वापरले. कुऱ्हाडीच्या दांड्याला आपल्याकडे धावडा वापरतात तो त्याच्या चिवटपणासाठीच, आणि वाया गेलेल्या एका दांड्यातून दोन फळ्या निघाल्या. टोकाला थोडा बाक ठेवल्यामुळे मे महिन्यात घामेजलेल्या हातातूनही सुरी पुढे निसटत नाही. जवसाचे तेल दिवसाआड तीन वेळा चोळले, आणि पितळी रिव्हेट तीन. पूर्ण सुरी तोलली तेव्हा ४१० ग्रॅम भरली. पाठीची जाडी पाच मिलिमीटर आहे, आणि तोल मुठीच्या एक बोट पुढे येतो, जो तोडण्यासाठी पुरेसा पुढे आणि तासण्यासाठी पुरेसा मागे आहे. काकांचे ९०० आणि इतवारीतल्या चामड्याच्या कारागिराचे ६०० धरून सगळा खर्च १,६५० रुपये झाला, म्हणजे मोडलेल्या त्या सुरीपेक्षा कमीच.

वर्षभरात या सुरीने काय केले ते सांगतो. वाळका बांबू हा धारेचा मोठा शत्रू आहे, कारण त्याच्या सालीत वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो. सागाच्या लाकडातही तो असतो, आणि देवलापारकडे या दोहोंखेरीज दुसरे काय असते? कुंपणासाठी सलग चाळीस बांबू पेऱ्यांवर तोडल्यावर या सुरीने टोमॅटो दाबल्याशिवाय कापला नाही, पण धारेला खाचा पडल्या नव्हत्या आणि ती वळलीही नव्हती. सहाणेवर दहा मिनिटांत पूर्ववत झाली. मनगटाएवढ्या सागाच्या फांद्या उभ्या फोडताना पाठीवर पन्नासेक ठोके खाल्ले, रिव्हेट हलले नाहीत. घाणेरीच्या झुडपावर कोयता अधिक सरस आहे. त्याचा बाक फांदी ओढून घेतो, ही सुरी घसरते. दिवाळीनंतर बोकड सोलताना मांड्यांचे सांधे आणि बरगड्या हिने सहज सोडवल्या, परंतु कातडे उतरवायला शेवटी आजोबांचीच सुरी बाहेर काढावी लागली.

दोषही आहेत, आणि ते लपवून उपयोग नाही. काकांनी धार कोयत्याच्या हिशोबाने जाड ठेवली होती. धारेच्या मागे दीड मिलिमीटर जाडी असेल तर सुरी लाकडात पाचरीसारखी अडकते आणि कांदा चिरत नाही, फोडते. ती मला दोन संध्याकाळी सहाणेवर पाण्यात घासून पातळ करावी लागली. यंत्रावर घासली असती तर पाच मिनिटांत झाले असते, पण धार निळी पडून काकांनी दिलेले पाणी उतरले असते. टोक मध्यरेषेपासून किंचित डावीकडे आहे, ते आता तसेच राहणार. आणि हे कार्बन पोलाद असल्यामुळे ते गंजते. नागपूरच्या माणसाने ध्यानात ठेवावे की संत्रे कापून सुरी पाच मिनिटे तशीच ठेवली तर पात्यावर काळपट निळे डाग पडतात. ते अपायकारक नाहीत, पण जात नाहीत. पावसाळ्यात सुरी म्यानात ठेवणे ही सर्वांत मोठी चूक, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि गंज आतून चढतो. जूनपासून मी तिला शिलाई मशीनच्या तेलाचा हात देऊन फडक्यात वेगळी ठेवतो.

धार लावताना कोन राखणे नवख्यांना जमत नाही, त्यासाठी एक साधी युक्ती आहे. कागदाचा चौकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस अंश होतात. ती घडी सहाणेवर ठेवून पाते तिला टेकवले की मोठ्या सुरीला लागणारा कोन मिळतो. धारेवर आधी स्केचपेनने रंग फासला तर दगड कुठे लागतो आणि कुठे नाही हेही दिसते.

ज्यांना शोकेसमध्ये ठेवण्यासाठी चमकदार वस्तू हवी आहे, किंवा जे सुरी वापरून ओली टाकून देतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी बऱ्या प्रतीचे, पूर्ण शेपटाचे स्टेनलेस ठीक. ज्यांना शेतावर, बागेत किंवा तंबू ठोकून राहताना मोठी सुरी खरोखर आपटायची आहे, त्यांनी पाटा स्वतः निवडावा, लोहाराजवळ दोन संध्याकाळी बसावे आणि पाणी देण्याच्या वेळी तिथे हजर राहावे.

यंदाच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि मुठीचे लाकूड आक्रसून मधला रिव्हेट हलू लागला. सुरी घेऊन दिघोरीला गेलो. काकांनी मूठ कानाशी धरून हलवली, ऐरणीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी तीन-तीन हलके ठोके मारले आणि परत दिली. पैसे विचारले तर म्हणाले, “पाऊस पडू द्या, लाकूड फुगते. तेव्हा मोकळा करून देतो, नाही तं फळी फुटन.” चहाचे पैसे मात्र त्यांनी माझ्याकडूनच घेतले, दोघांचे.